गाडीतच मुक्काम, साठ लिटर पाणी आणि तीन माणसे : स्वच्छता कशी राखावी?

वाटेवरचा_ओटा

नमस्कार. मी, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी असे आम्ही पुण्याचे तिघे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मनालीमार्गे लेह, तेथून हानले गाव आणि त्सो मोरीरी सरोवर असा प्रवास करणार आहोत. जुनी प्रवासी व्हॅन आम्ही स्वतः सुतारकाम करून राहण्याजोगी केली आहे. बाकाखाली साठ लिटरची टाकी, दोन शेगड्या आणि छतावर सौरपट्टी आहे. न्हाणी आणि संडास मात्र नाही. बहुतेक मुक्काम हॉटेलात न करता गाडीतच करण्याचा विचार आहे.

विचारण्याचे कारण म्हणजे गेल्या ऑक्टोबरमधला गुहागर-वेळणेश्वरचा अनुभव. दुसऱ्या रात्री मुलीने दात घासून नळाची चावी अर्धवट बंद केली आणि सकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. पाण्याअभावी दीड दिवस समुद्रस्नानावर भागवले, ओले टॉवेल गाडीतच वाळत घातले आणि परत येईपर्यंत गाडीला कुबट वास व मला जांघेत गजकर्ण अशी दोन्ही बक्षिसे मिळाली. कोकणात निदान हाकेच्या अंतरावर वाडी होती. लडाखात तसे नसेल, म्हणून अंघोळ, भांडी, कपडे आणि शौच या चारही बाबतींत अनुभवी मंडळींनी प्रत्यक्ष काय केले ते सविस्तर सांगावे, ही विनंती.

घाटमाथा_७४

मी आणि माझी पत्नी निवृत्तीनंतर सहा वर्षे असेच फिरत आहोत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी हिशेब मांडा. उंचीवर पिणे आणि स्वयंपाक धरून माणशी साडेचार लिटर, म्हणजे तिघांना साडेतेरा लिटर पाणी रोज लागेल, आणि त्याला हात लावायचा नाही. हात-तोंड धुण्यास तीन लिटर, भांड्यांना दोन, शौचाला दीड आणि एक दिवसाआड माणशी दोन लिटरांत अंग पुसण्याचे रोजचे सरासरी तीन धरले, तर एकूण तेवीस लिटर होतात. साठ लिटरची टाकी अडीच दिवस पुरेल. वीस-वीस लिटरचे दोन कॅन सोबत घेतले तर चार दिवस निघतील. मात्र ते कॅन टाकीला जोडू नका, वेगळेच ठेवा. नळ उघडा राहिला तरी चाळीस लिटर शिल्लक राहतात. शिवाय विजेच्या पंपाचे बटण नळापाशी न ठेवता चालकाच्या आसनाजवळ घ्या, म्हणजे निजण्यापूर्वी ते बंद करण्याची सवय लागते. मुलीला दोष देऊ नका, आमच्याकडे हेच मी स्वतः केले आहे.

अंघोळीसाठी आम्ही नाना साधने विकत घेऊन पाहिली. उन्हात तापणारी काळी पिशवी चांगली, पण ती टांगायला झाड लागते आणि तुम्ही जाणार तेथे झाड शोधावे लागेल. शेवटी टिकला तो कृषी सेवा केंद्रात मिळणारा पाच लिटरचा हाताने दाब भरायचा फवारणी पंप. तो कोराच घ्यावा. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी अंगासाठी वापरू नये. पातेल्यातले गरम पाणी थंड पाण्यात मिसळून, कोमट झाल्यावरच पंपात ओतावे, कारण उकळत्या पाण्याने त्याची टाकी वाकते. अंग ओले करण्यास एक लिटर, साबण, मग धुण्यास दोन लिटर, एवढ्यात माझी पूर्ण अंघोळ होते. गाडीचे मागचे दार वर उघडते ना? त्याला पडदा लावला की आडोसा झाला. गारठा आहे म्हणून आत दारे-खिडक्या बंद करून, शेगडी पेटती ठेवून मात्र कोणी अंग धुऊ नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो. पाणी आधी तापवावे, शेगडी विझवावी, मगच दार लावावे.

भांड्यांचे तंत्र पाण्यापेक्षा पोळीवर अवलंबून आहे, असे आमची ही म्हणते. प्रत्येकाने आपले ताट शेवटच्या घासाने पुसून घ्यायचे, उरलेला ओशटपणा जुन्या वर्तमानपत्राने टिपायचा, त्यावर साबणपाण्याच्या फवाऱ्याची बाटली मारून घासणी फिरवायची आणि अर्ध्या लिटरात सगळी भांडी विसळायची. तेलकट पातेले असेल तर त्यातच चहाचे पाणी उकळण्याचा मोह टाळा. आम्ही टाळला नव्हता आणि फोडणीच्या वासाचा चहा दोन दिवस प्यायलो.

कपड्यांसाठी रुंद तोंडाचा, घट्ट झाकणाचा दहा लिटरचा निळा ड्रम घ्या. सकाळी आतले कपडे, मोजे, दोन लिटर पाणी आणि चिमूटभर साबणचुरा घालून तो मागे बांधून ठेवला की तिकडच्या रस्त्याचे धक्के तुमचे काम करतात. संध्याकाळी एकदा पिळून विसळायचे. साबण जास्त पडला तर विसळण्यातच सगळी बचत वाहून जाते.

निशिगंध_क

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून फक्त त्वचा आणि हात यांविषयी लिहिते.

ओटादादा, तुमचे गजकर्ण पाण्याच्या टंचाईपेक्षा ओलाव्यामुळे झाले असावे. खारे पाणी अंगावर सुकले, वर दमट टॉवेल आणि घट्ट कपडे, बुरशीला आणखी काय हवे? त्यामुळे धुणे दोन लिटरांत झाले तरी चालेल, पण काखा, जांघा, स्तनांखालची जागा आणि पायाच्या बोटांमधल्या खाचा पूर्ण कोरड्या केल्याशिवाय कपडे घालू नयेत. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. खाज सुटली म्हणून दुकानातून मिळणारे स्टेरॉइड मिसळलेले मलम लावू नये. चार दिवस बरे वाटते आणि मग गजकर्ण दुप्पट पसरते, औषधालाही लवकर दाद देत नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून योग्य मलम लिहून घ्या.

लडाखात प्रश्न उलटा असेल. हवा इतकी कोरडी असते की रोज साबणाने अंग धुतले तर कातडी तडकेल. तेथे साबण फक्त घाम साचणाऱ्या जागांना लावावा, बाकीचे अंग नुसत्या ओल्या फडक्याने पुसावे आणि लगेच तेल लावावे. (खोबरेल तेल थंडीत गोठते, बाटली रुंद तोंडाची घ्या, नाहीतर सकाळी चमच्याची दांडी घेऊन बसाल.) पुसण्याचा क्रम चेहरा, मान, हात, काखा, छाती-पाठ, पाय आणि शेवटी जांघा असा ठेवावा आणि शेवटच्या भागासाठी फडके वेगळे असावे.

हातांच्या बाबतीत मात्र काटकसर नको. सॅनिटायझर ओशट किंवा मातकट हातांवर नीट काम करत नाही आणि जुलाब घडवणाऱ्या काही विषाणूंवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. शौचानंतर आणि कणीक मळण्यापूर्वी साबण-पाणी हवेच. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडून ती उलटी टांगली, तर बारीक धारेखाली पेलाभर पाण्यात हात स्वच्छ होतात. ओढ्याचे पाणी पिण्यासाठी घेतलेत तर आधी गाळून घ्या आणि खळखळून उकळू लागल्यावर तीन मिनिटे तसेच उकळत ठेवा, कारण लेहच्या उंचीवर, सुमारे ३,५०० मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागते.

वहिनींसाठी एक सूचना. मासिक पाळीचा कप वापरण्याची सवय असेल तर कचरा आणि पाणी दोन्ही वाचते, पण तो पहिल्यांदाच वापरण्याची जागा हा प्रवास नव्हे. दोन-तीन महिने घरी वापरून पाहावा.

पंचा_आणि_तांब्या

वरील सल्ले उपयुक्त आहेत, तरीही अंग पुसण्याला अंघोळ म्हणायला माझे मन तयार नाही. मी अकरा वर्षे पायी वारी केली आहे. पहाटे तीन वाजता टँकरभोवती गर्दी होण्यापूर्वी एक लहान बादली मिळवायची आणि तांब्याने बेताबेताने पाणी घेत, उघड्यावर, पंचा नेसून, पाच मिनिटांत अंघोळ उरकायची, हे आम्ही पावसाळी गारठ्यातही करत आलो. चार तांब्यांत माणूस स्वच्छ होतो. त्यासाठी पंप लागत नाही.

माझा खरा आग्रह पंचाचा आहे. जाड टर्किश टॉवेल गाडीत नेणे म्हणजे कुबट वास विकत नेणे. सुती पंचा अंग टिपतो, पिळला की अर्धा सुकतो, अर्ध्या तासात वाऱ्यावर वाळतो आणि तो धुवायला दोन तांबे पाणी पुरते. माणशी तीन पंचे घ्या.

घाटमाथा_७४

काका, पंचाबाबत शंभर टक्के सहमत. पण वारीत टँकर रोज येतो, हानलेत तो कोठून आणायचा? आणि ४,३०० मीटरवर पहाटे तीन वाजता उघड्यावर अंग ओले करणे हा पराक्रम कृपया कोणी करू नये. तेथे अंघोळीची वेळ दुपारची, ऊन असताना आणि वारा सुटण्याआधीची.

सिंधूकाठी_बदली

माझ्या यजमानांच्या लष्करी नोकरीमुळे लेहमध्ये तीन वर्षे काढली, म्हणून शौचाचा जो विषय सगळ्यांनी सभ्यपणे टाळला आहे तो मी घेते.

सह्याद्रीत आपण वीतभर खोल खड्डा खणून, पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, विष्ठा पुरतो आणि ते योग्यच आहे, कारण तेथील दमट मातीत ती कुजते. लडाखच्या थंड, कोरड्या आणि मुरमाड जमिनीत ती वर्षानुवर्षे तशीच राहते. तेथील लोकांनी यावर फार शहाणा उपाय केलेला आहे. त्यांचा पारंपरिक संडास दुमजली आणि कोरडा असतो. वरच्या मजल्यावर मातीचा ढीग आणि फावडे ठेवलेले असते, प्रत्येक वापरानंतर भोकातून माती लोटायची, खालच्या मजल्यावर खत तयार होते आणि ते शेतात जाते. पाणी त्यात ओतायचे नसते. आपली मंडळी सवयीने डबाभर पाणी ओततात आणि यजमानांचे वर्षभराचे खत नासवतात. पाण्याने धुवायचे असेल तर बाजूला, अगदी थोडक्यात.

गाडीसाठी याचीच छोटी आवृत्ती करा. झाकणाची वीस लिटरची बादली, वर बसण्याची कडी आणि लाकडाच्या वखारीतून आणलेला पोतेभर भुसा. प्रत्येक वेळी दोन मुठी भुसा टाकायचा. लघवी त्यात जाऊ द्यायची नाही, तिच्यासाठी नरसाळे आणि वेगळी बाटली ठेवावी, कारण घाण वास येतो तो दोन्ही एकत्र झाल्यामुळे. प्लास्टिकची पिशवी लावू नका. मग दर दोन-तीन दिवसांनी ज्या घरी मुक्कामाला किंवा जेवायला थांबाल, तेथे विचारून बादली त्यांच्या कोरड्या संडासात रिकामी करता येते. विचारताना लाजू नका. आम्हाला एका आजींनी नुसती परवानगीच दिली नाही, तर आमचा भुसा बारीक आहे म्हणून कौतुकही केले. ओले वाइप्स आणि सॅनिटरी पॅड मात्र वेगळ्या पिशवीत घालून मोठ्या गावापर्यंत परत न्यायचे.

तलावांत किंवा ओढ्यांत साबण न्यायचाच नाही, पाकिटावर 'जैवविघटनशील' असे छापलेले असले तरीसुद्धा. साबण विघटित व्हायला माती लागते, म्हणून सांडपाणी बादलीत धरून काठापासून लांब, पसरून ओतावे. त्सो मोरीरी २००२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, काळ्या मानेचे क्रौंच त्या परिसरात वीण घालतात, तेव्हा गाडी काठाशी उतरवून भांडी विसळत बसणे अजिबात नको.

आता काकांच्या समाधानासाठी. मनालीजवळ वशिष्ठला गरम पाण्याचे झरे आहेत, बायकांची आणि पुरुषांची कुंडे वेगळी आहेत. वर चढण्यापूर्वी तेथे मनसोक्त अंघोळ करा. त्सो मोरीरीहून परतताना सिंधूकाठी चुमाथांगलाही गरम झरे लागतात. मध्ये केस धुण्यासाठी लेहला एक रात्र घरगुती निवासात काढा आणि गरम पाण्याची बादली मागून घ्या. लांब केस गाडीत धुण्याचा अट्टहास करू नये. वेणी घालून वर सुती रुमाल बांधला की आठवडा निभतो.

वाटेवरचा_ओटा

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी गाडी सोसायटीच्या आवारात उभी करून, घरातला एकही नळ न वापरता, चोवीस तास तिघांनी रंगीत तालीम केली. एकूण सव्वीस लिटर पाणी लागले. तीन लिटर कोठे जास्त गेले ते लगेच सापडले : मी दाढीसाठी नळ वाहता ठेवतो, हे मला आजवर माहीत नव्हते, पत्नीला होते. पंपाचे बटण पुढे नेले आहे. नऊ पंचे आणले आहेत. निळ्या ड्रमात मोजे घालून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, तर ते खरोखरच स्वच्छ निघाले. मात्र झाकणाची रबरी चकती सैल असल्याने गाडीत साबणपाणी सांडले, ती बदलून घेत आहे.

बादलीच्या संडासाला मुलीने ठाम नकार दिला होता, पण भुशाच्या मुठी मोजून टाकायचे काम तिच्याकडे दिल्यापासून तिने तो आपल्या अखत्यारीत घेतला आहे. सिंधूकाठी_बदली ताई, एकच शंका राहिली : पुण्याच्या वखारीत प्लायवूडचा भुसा फुकट मिळतो आहे, तो चालेल का?

सिंधूकाठी_बदली

नको. त्यात गोंद आणि रसायने असतात आणि शेवटी ते कोणाच्या तरी जवाच्या शेतात जाणार आहे. साध्या लाकडाचाच घ्या, थोडे पैसे पडले तरी. पोते आतून कोरडे असल्याची खात्री करून घ्या आणि पावसात छतावर बांधू नका.