तिसऱ्या फोटोतला टूकन

तुम्ही टाकलेले आरेनाल ज्वालामुखीच्या भागातले फोटो बघून मन भरून आलं, कोस्टा रिका निसर्गाने खरंच श्रीमंत आहे हो! फक्त तिसऱ्या फोटोतला मोठ्या चोचीचा पक्षी तुम्ही कील-बिल्ड टूकन लिहिलाय, तो मला यलो-थ्रोटेड टूकन वाटतोय. गळा दोघांचाही पिवळाच असतो त्यामुळे गळ्यावर जाऊ नका, चोच बघा, कील-बिल्डची हिरवट, बाजूला केशरी पट्टा नि टोक लालभडक, आणि यलो-थ्रोटेडची सरळ दुरंगी, वर पिवळी खाली गडद तपकिरी. आवाज ऐकला असेल तर प्रश्नच मिटला, कील-बिल्ड बेडकासारखा डरावतो.

पाचव्यातला छोटा, पोटावर लाल-काळा पट्टावाला म्हणजे कॉलर्ड आरासारी, टूकनच्याच घराण्यातला छोटा पक्षी. फायरी-बिल्ड आरासारी नाही, तो पॅसिफिकच्या बाजूला, मॅन्युएल अँटोनिओ, कोर्कोवादो या राष्ट्रीय उद्यानांकडे, आणि त्याची वरची चोच भगवी असते.

वरच्या कॉमेंटमध्ये कोणीतरी टूकनला "आपल्या धनेशाचा भाऊ" म्हटलंय, चोच बघून तसं वाटतंच, पण टूकन सुतारपक्षी-तांबटांच्या गणातला, धनेशाचं घराणंच वेगळं.

आणि तुमच्या फोटोंमधला तो केशरी सरडा ग्रीन इग्वानाच आहे, विणीच्या काळात मोठे नर असे केशरी होतात. टूकनच्या चोचीचा क्लोजअप असेल तर नक्की टाका.