बदकाच्या पिल्लांची जात विकत घेण्यापूर्वी कशी ओळखावी?

प्रश्न (कुडाळ)
नमस्कार. आमच्या माडांच्या बागेला लागून लहान शेततळे आहे. तेथे केवळ घरच्या अंड्यांसाठी थोडी बदके पाळावीत, असा विचार आहे. गावात येणारा विक्रेता सर्व पिल्ले ‘खाकी कॅम्पबेल’ म्हणून विकतो. परंतु त्याच्या टोपलीत पिवळी, काळपट आणि पिवळ्या अंगावर काळे डाग असलेली, अशी तिन्ही प्रकारची पिल्ले असतात. इतक्या लहान पिल्लांवरून जात ओळखता येते का? नर-मादीची ओळखही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर (गुहागर)
ताई, पिल्लू अमुक जातीचेच आहे हे छातीठोकपणे सांगणे कठीण असते. पण ते अमुक जातीचे नाही, हे बऱ्याचदा ओळखता येते. शुद्ध खाकी कॅम्पबेलचे पिल्लू गडद, धुरकट तपकिरी रंगाचे असते आणि त्याची चोच व पायही काळपट असतात. त्यामुळे पिवळे पिल्लू त्या नावाने कोणी देत असेल, तर घेऊ नये. पांढऱ्या पिसांच्या बहुतेक जातींची पिल्ले पिवळीच जन्मतात. त्यांत व्हाइट पेकिन आणि केरळात बरीच पाळली जाणारी विगोवा या जाती येतात. त्या मांसासाठी उत्तम असल्या, तरी खाद्य भरपूर खातात आणि अंड्यांच्या बाबतीत खाकी कॅम्पबेलची बरोबरी करत नाहीत. चांगल्या निगराणीत खाकी कॅम्पबेलची मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ शकते, म्हणूनच विक्रेते ते नाव पुढे करतात.

काळपट पिल्लांतही फरक असतो. डोळ्यावरून गडद रेघ आणि पाठीवर पिवळे ठिपके दिसले, तर ते पिल्लू बहुधा गावठी किंवा संकरित असते. मान लांब, अंग सडपातळ आणि उभे राहण्याची ढब ताठ असेल, तर इंडियन रनरची शक्यता धरावी. तीही अंड्यांसाठी चांगली जात आहे.

पिवळ्या अंगावर काळे डाग असलेली पिल्ले मस्कोव्ही जातीच्या बदकांची असू शकतात. त्यांची नखे अणकुचीदार असतात. मस्कोव्हीची अंडी फुटायला सुमारे 35 दिवस लागतात, इतर बदकांची 28 दिवसांत फुटतात. म्हणून अंडी किती दिवसांत फुटली, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. ज्याने स्वतः उबवणी केली आहे, तो लगेच सांगेल.

उत्तर (राजापूर)
वरील माहितीशी सहमत आहे. मी तर पिल्लांपेक्षा त्यांचे आई-बाप पाहण्याचा आग्रह धरेन, कारण संकरित पिल्लेही पुष्कळदा शुद्ध जातीसारखीच दिसतात. नर-मादीबाबत सांगायचे, तर गुदद्वार तपासून ओळखण्याची रीत आहे, पण ती शिकल्याशिवाय करू नये. पिल्लाला इजा होते. साधारण दोन महिन्यांनी आवाज फुटतो, तेव्हा मादी मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ करते आणि नराचा आवाज घोगरा व दबका राहतो. मस्कोव्हीला मात्र ही खूण लागू पडत नाही. आपल्याला फक्त खाण्यासाठी अंडी हवी असतील, तर नराची गरजच नाही. त्यामुळे थोडे जास्त पैसे देऊन आवाज फुटलेल्या माद्याच घ्याव्यात.

प्रश्नकर्ती (कुडाळ)
दोघांचेही मनापासून आभार. विक्रेत्याकडे आई-बाप पाहण्याची सोय नाही, म्हणून आता शासकीय उबवणी केंद्रात चौकशी करते.