उत्तर: स्कॉटिश फोल्डचे कान, आणि केसांच्या गाठी

वरच्या एका उत्तरात लिहिलंय की स्कॉटिश फोल्ड या जातीच्या मांजरांचे कान दुमडलेले असतात म्हणून दर आठवड्याला इअरबडने खोलवर साफ करावेत, ते प्लीज करू नका. आठवड्यातून एकदा दुमड हलकेच वर करून बघायची, वास घ्यायचा, बस. आत फिकट गुलाबी आणि कोरडं असेल तर हातच लावायचा नाही. मळ दिसला तर व्हेटने दिलेलं क्लीनर कापसाच्या बोळ्यावर घेऊन दिसतं तेवढंच पुसायचं, बडने मळ उलटा आत ढकलला जातो. कॉफीच्या चोथ्यासारखं काळं काही निघालं तर बहुतेक माइट्स (कानात होणारे बारीक किडे), घरी तेल घालत बसू नका.

पण ग्रूमिंगबद्दल एक गोष्ट इथे कोणीच लिहिली नाहीये. माझ्या मांजरीच्या शेपटीजवळ केसांच्या गाठी व्हायला लागल्या, मला वाटलं ब्रशिंग कमी पडतंय म्हणून रोज ब्रश करायला लागले तर ती गुरगुरायची, शेवटी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मागच्या पायांच्या सांध्यांत हाड वाढलंय आणि तिला मागे वळून चाटताच येत नाहीये. ज्या टीआरपीव्ही४ जीनमधल्या दोषामुळे कान दुमडतात त्यानेच अंगभरची कूर्चा (कानात आणि सांध्यांत असते ती लवचिक ऊती) बिघडते, फक्त कानाची नाही. दोन महिने मी तिला दुखत असताना विंचरत होते याचं अजून वाईट वाटतं. आता वेदनाशामक चालू आहे, मऊ ब्रशने दोन-तीन मिनिटंच करते, आणि शेपटी कधीच उचलत नाही, खालून तळहाताचा आधार देते. तुमच्या फोल्डची शेपटी ताठ लागत असेल किंवा ती पाठ चाटायची बंद झाली असेल तर आधी सांधे तपासून घ्या.