गायरानातल्या घरांबद्दल ग्रामपंचायतीनं ठराव काय घ्यावा?

बालाघाटचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. गाव बीड जिल्ह्यातलं, डोंगरपट्ट्यात. वरच्या अंगाला गायरानात पंधरा-वीस पत्र्याची घरं हायेत, दोन-तीन पालं पारध्यांची अन् बाकी सगळे भूमिहीन ऊसतोडवाले. बऱ्याच जणांचं ड यादीत (घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी) नाव आलं, घरकुल बी मंजूर झालं पण जागेचा कागद नाही म्हणून काम अडकलंय. आता अशी घरं नावावर करायचा नवीन निर्णय येणार अशी चर्चा चालूय, तर आमचे सरपंच म्हणायलेत की ग्रामसभेत आधीच विरोधाचा ठराव घेऊन ठेवू, पुढं कटकट नको. मी सदस्य हाय पण पहिल्यांदाच निवडून आलोय. अशा ठरावाला वजन असतं का, का नुसता रजिस्टरात पडून राहतो? अन् विरोध करायचा नसंल तर लिहून काय घ्यावं?

दावणीवाला
विरोधच करा. ज्याच्याकडं रान नाही पण चार शेळ्या अन् एक म्हैस हाय त्यानं जनावर न्यायचं कुठं? आज पंधरा घरं, उद्या पन्नास. दुष्काळात चारा छावणीच्या दारात उभं राहिलो की मग कळतं गायरान काय असतं ते.

निवृत्त_ग्रामसेवक
पोऱ्या, ठराव म्हणजे मंजुरी नव्हे. गायरानाच्या सातबाऱ्याला सरकार लागलेलं असतं, अतिक्रमण कायम करायचा अधिकार जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना. पण फाईल तहसीलला गेली की पहिला प्रश्न हाच, ग्रामसभेचं म्हणणं काय? तिथं विरोधाची एक ओळ असली की फाईल खाली जाते अन् मग कुणी वर काढत नाही, मी नोकरीत हेच बघितलं.

सुप्रीम कोर्टाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल सगळे अर्धाच सांगतात. अतिक्रमण काढा असं त्यात हायच, पण भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनं दिलेल्या जागेचा अपवाद बी त्यातच हाय. पुढं १६ फेब्रुवारी २०१८ ला ग्रामीण भागातल्या शासकीय जागेवरची राहती घरं नियमानुकूल करायचा जीआर निघाला, १ जानेवारी २०११ च्या आधीचीच. तुमचा गट नंबर त्यात बसतो का ते तहसीलला लेखी विचारा, तोंडी नको. तोवर पुरावे गोळा करा, जुनी मतदार यादी, लाईट बिल, घरपट्टीची पावती, नमुना ८ म्हंजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी रजिस्टरातली नोंद.

ठरावात मोघम पाठिंबा लिहू नका. घरागणिक नाव, किती फूट जागा, कधीपासून राहतात ते लिहा, आणि राहतं घर वेगळं, शेतीसाठी नांगरून खाल्लेलं गायरान वेगळं. दावणीवाले भाऊ, तुमचं कुरण घरांनी किती खाल्लं अन् नांगरानं किती, एकदा मोजून बघा. आणि गायरानात नाहीच जमलं तर दीनदयाळ योजनेतून ५०० चौरस फूट जागा घ्यायला पैसे मिळतात, आधी ५० हजार होते, आता १ लाखापर्यंत. रस्त्याकडंच्या जागेला ते पुरत नाहीत ही गोष्ट वेगळी.

कोयता_सोडलेली
सगळं बरोबर हाय काका, पण सभा कधी ठेवायलेत ते विचारलं का कुणी? २६ जानेवारीला ठेवली तर ही सगळी माणसं ऊसाच्या फडात असतात, कुणी सांगलीला कुणी कर्नाटकात. आमच्यात असंच झालं, पाहणीला आले तर घराला कुलूप, लिहून नेलं की इथं कुणी राहत नाही. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेला माणूस सभेसाठी गावाला येत नसतो. १५ ऑगस्टलाच विषय घ्या, बायांना पुढं बसवा.

निवृत्त_ग्रामसेवक
ताई बोलल्या ते पक्कं धरा. अन् कोरम बघा, म्हंजे सभेला लागणारी कमीत कमी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातलं जे कमी ते. नाही भरला तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, तिथंच दहा जणांत उरकून टाकतात.

बालाघाटचा_पोऱ्या
२६ जानेवारीच ठरवलीय सरपंचांनी! आता कळलं. १५ ऑगस्टच्या विषयपत्रिकेत घ्या म्हणून उद्याच लेखी अर्ज देतो अन् पोच घेतो.

दावणीवाला
दे. पण नांगरून खाणाऱ्यांची नावं बी त्याच ठरावात टाकणार का, ते सांग.

बालाघाटचा_पोऱ्या
टाकावीच लागतील. त्यात माझा चुलता बी हाय, घरी भांडण ठरलेलं.