मदत हवी आहे: मामांच्या नावाचा चेक माझ्या खात्यात जमा होत नाहीये

घाईतला
मामांनी त्यांना मिळालेला चेक मागे सही करून मला दिलाय. स्लिप भरून काउंटरवर दिला, तर तिथल्या बाईंनी उलटसुलट करून बघितला आणि "हा नाही होणार" म्हणून परत केला. मागे सही केली की चेक दुसऱ्याला देता येतो ना? मामांची काही हरकत नाही, पैसे ते मलाच देणं लागतात. फीची मुदत जवळ आलीये, प्लीज लवकर सांगा.

पासबुक
चेकवर दोन रेघा आहेत का? रेघांमध्ये काय लिहिलंय? रक्कम किती, तारीख कुठली? काहीच सांगितलं नाहीस.

घाईतला
रेघा आहेत, मध्ये 'अकाउंट पेयी' शिक्का. ४२ हजार. शिक्क्याचा काय संबंध?

टेबलामागचा
सगळा संबंध त्याचाच आहे. मी बँकेत क्लिअरिंगला, म्हणजे चेक वटवण्याच्या विभागात काम केलंय. अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावाचा, त्याच्याच खात्यात. दुसऱ्याच्या खात्यात जमा करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. उद्या तक्रार झाली तर जबाबदारी बँकेवर येते. बाईंनी बरोबर केलं.

सरळसोट
असं कसं? चेकसाठीच्या १८८१ च्या कायद्यात मागे सही करून चेक दुसऱ्याच्या नावे करायची सोय आहे. लेखी नकार मागा, लगेच ताळ्यावर येतात.

टेबलामागचा
नुसत्या दोन रेघा असत्या तर तुमचं म्हणणं लागू पडलं असतं. तेव्हाही पैसे रोख मिळत नाहीत, खात्यातच जातात, आणि अनोळखी सही बघून बँक का-कू करतेच. इथे शिक्का आहे. लेखी नकार मिळेल, पैसे मिळणार नाहीत.

पतपेढीवाली
मामा कुठल्या पतसंस्थेचे सभासद आहेत का? ५० हजारांपर्यंतचा अकाउंट पेयी चेक पतसंस्थेच्या बँक खात्यातून वटवायची सवलत आहे. आमच्याकडे नेहमी होतं.

टेबलामागचा
सवलत आहे, पण सभासद मामा हवेत, भाचा नाही. आणि बँकेवर सक्तीही नाही.

मीठभाकर
पॉझिटिव्ह पे केलंय का? चेकचा नंबर, तारीख, रक्कम आधी बँकेला कळवावी लागते.

पासबुक
ते चेक देणाऱ्याने करायचं, आणि तेही ५० हजारांपासून पुढे. इथे गरज नाही. घाईतला, मामा स्वतःच्या खात्यात का भरत नाहीत?

घाईतला
त्यांचं खातं बंद आहे ना, म्हणूनच तर मला दिला! पाय प्लॅस्टरमध्ये आहे, बँकेत जाता येत नाही.

पासबुक
अरे, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! कायमचं बंद केलंय, की व्यवहार नाहीत म्हणून निष्क्रिय झालंय?

घाईतला
निष्क्रिय. बरीच वर्षं वापरलं नाही.

पासबुक
मग मार्ग आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ग्राहकाकडून व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं. केवायसी, म्हणजे ओळखीचे-पत्त्याचे कागद, नव्याने दिली की सुरू होतं, त्याचं शुल्क लावता येत नाही. कागद कुठल्याही शाखेत देता येतात. बँकेत व्हिडिओ केवायसी असेल तर मामा घरबसल्या करतील. खातं सुरू झालं की चेक त्यांच्या नावावर भर, तिथून तुला एनईएफटी.

सरळसोट
एवढा व्याप कशाला? चेक देणाऱ्याकडून मामांचं नाव खोडून तुमचं लिहून घ्या, बाजूला सही.

टेबलामागचा
कृपा करून असं करू नका. क्लिअरिंगला चेकची इमेज जाते, त्यात तारखेशिवाय कुठलीही खाडाखोड चालत नाही. बदल हवा तर नवा चेक. तारीख अजून सांगितली नाहीत.

घाईतला
पुढच्या आठवड्यात तीन महिने होतील. सहा महिने चालतो ना?

टेबलामागचा
नाही! एप्रिल २०१२ पासून तीनच महिने. आजच चेक देणाऱ्याला फोन करा. मुदत गेली तर तारीख बदलून सही किंवा नवा चेक मिळेल का, हे विचारून ठेवा.

नव्या_नावाची
मध्येच विचारते. लग्नानंतर नाव बदललंय, चेक माहेरच्या नावाचा आलाय, खातं नव्या नावाने आहे. माझाही अडकेल का?

पासबुक
लग्नाचा दाखला घेऊन शाखेत भेटा. घाईतला, मामांचं मूळ पॅन कार्ड हाताशी आहे का? व्हिडिओ कॉलवर दाखवावं लागतं.

घाईतला
पॅन आहे, फक्त आधारवरचा पत्ता जुना आहे. तो चालेल का?