'सेट' हा एक शब्द की दोन?

उद्यमबागचा सेटर:
२१ वर्षं कारखान्यात हाच हुद्दा. टूल सेट करायचं, जॉब सेट करायचा, मग मशीन ऑपरेटरच्या ताब्यात. मुलगी सांगत होती, १९८९ च्या ऑक्सफर्ड कोशात या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. मला तर एकच दिसतो, बसवणे. जुन्या इंग्रजीत 'सेट्टन' म्हणजे बसायला लावणं, म्हणजे 'सिट'चं प्रयोजक रूप. आपलं बसणे-बसवणे, कन्नडातलं कूरु-कूरिसु, तीच तऱ्हा. टूल बसवतो, निखळलेला सांधा बसवतात, चतुर्थीला गणपती बसवतो. ४३० काय नि हजार काय, सगळी एकाच मुळाची फुटवं.

खानापूरची शिक्षिका:
दादा, सांध्यापर्यंत पटलं. पण हॉटेलात सेट दोसा मागवता तेव्हा कोण काय बसवतं? दोन-तीन मऊ दोसे एकत्र येतात, म्हणून तो सेट. कपबश्यांचा सेटही तसाच. हे नाम दुसऱ्या घरचं आहे. जुन्या फ्रेंचमधून आलं, त्याच्यामागे लॅटिन 'सेक्ता', म्हणजे कुणाच्या मागून जाणाऱ्यांचा मेळा. 'सेक्ट' म्हणजे पंथ, तोही त्यातलाच. उच्चार सारखा झाला आणि दोघं भाऊ वाटायला लागले. गणितात आम्ही 'संच' शिकवतो. मराठीनं बसवणं आणि संच वेगळे ठेवलेत, ते मला फार मोलाचं वाटतं.

वडगावकर:
काय सांगालाय मॅडम! बोलताना लॅटिन कोण बघतंय? पोराला नोकरी लागली की आम्ही म्हणतो, 'सेट झाला'. बसला एकदाचा जाग्यावर. सेटर दादांचंच खरं हाय.

निपाणीहून:
बोलताना बघत नाही, पण मूळ ठरवताना बघावंच लागतं. आपला 'वर' घ्या. लग्नातला वर आणि देवानं दिलेला वर, दोन्ही संस्कृत 'वृ' धातूचे, निवडणं-मागणं त्याच्या पोटात आहे. माडीच्या वर चढतो तो 'वर' मात्र 'उपरि'पासून आलेला. अक्षरं तीच म्हणून तिघांना एका दावणीला बांधायचं का? मी शिक्षिकाबाईंच्या बाजूचा.

उद्यमबागचा सेटर:
सेक्ता मान्य. दोसाही तुमचा. पण इंग्रजांच्या तोंडी आल्यावर त्या नामावर क्रियापदाची छाया पडलीच. सेट म्हणजे नुसता ढीग नव्हे, एकमेकांशी जुळणाऱ्या वस्तू. आणि पंपसेट घ्या. मोटर आणि पंप एका बेडवर सरळ रेषेत बसवावे लागतात, जराही तिरकं झालं की बेअरिंग जातं. हे हातानं केलेला माणूस त्यात बसवणं नाही असं म्हणूच शकत नाही.

खानापूरची शिक्षिका:
छाया पडली, हे खरं. वडगावकरांचा 'सेट झाला'सुद्धा तुमच्याच घरचा. पण मोटर आणि पंप मिळून एक वस्तू झाली, म्हणून ते नाव. मराठीत त्याला आपण 'पंपसंच'च म्हणतो ना?