मुलीच्या धावण्यात पालकांनी किती लक्ष घालावे?

प्रश्न (एक वडील, दादर)

माझी मुलगी तेरा वर्षांची असून दोन वर्षांपासून शिवाजी पार्कवर सराव करते आणि शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालील गटात ६०० मीटर धावते. पहिल्या वर्षी तिचे टायमिंग प्रत्येक स्पर्धेत सुधारत गेले, म्हणून मी हौसेने एका वहीत ते लिहून ठेवू लागलो. जूनपासून मात्र सुधारणा थांबली आहे. उलट दोनदा दीड-दोन सेकंद जास्तच लागले. गेल्या महिन्यात मरीन लाइन्सच्या विद्यापीठ मैदानावर ती पाचवी आली, तेव्हा "पहिले दोनशे मीटर इतक्या जोरात का गेलीस?" असे मी ट्रॅकच्या कडेलाच विचारले. त्यानंतर लोकलमध्ये आणि घरी पोहोचेपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखते म्हणून सरावाला गेली नाही. मी तिला कधी ओरडलो नाही, पदकाचा आग्रहही धरला नाही. मग तिला दडपण येते ते कशाचे, आणि माझे कुठे चुकते आहे?

उत्तर (एका धावपटूची आई, बोरिवली)

आपला प्रश्न वाचून मला आमची चार वर्षे आठवली. माझा मुलगा ४०० मीटर धावत असे, आणि त्याने पुढे कधीतरी सांगितले की शर्यत संपली की तो आधी माझा चेहरा पाहायचा आणि मग आपला क्रमांक विचारायचा. मीही कधी रागावले नव्हते. पण मुलांना न बोललेलेही कळते. त्यानंतर आम्ही ठरवले की शर्यतीबद्दल तो स्वतः विषय काढेपर्यंत आपण काढायचा नाही आणि कोणत्या टप्प्यावर किती जोर लावायचा हे फक्त त्याच्या सरांनी सांगायचे. आपली वही मुलीच्या हाती द्यावी, असे मला मनापासून वाटते. आम्हीही अशीच वही मुलाच्या हाती दिली, तेव्हा त्याने पहिले काही महिने तिच्यात काहीच लिहिले नाही, आणि ते नुसते पाहत राहणे मला फार जड गेले.

उत्तर (निवृत्त क्रीडाशिक्षक, परळ)

साधारण अकरा ते चौदा या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते, शरीराची ठेवण बदलते आणि धावण्याची लय काही काळ बिघडते. त्यामुळे वेळ कित्येक महिने अडून राहू शकते. हा आळस नव्हे. अशा वेळी वजनाचा विषय घरात अजिबात काढू नये आणि जेवण कमी होऊ देऊ नये. टाच किंवा गुडघ्याखालचे हाड दुखत असेल तर वाढत्या हाडांवर ताण पडत असण्याची शक्यता असते, तेव्हा दुखणे सोसून धावायला लावू नये. पाळी सुरू होऊन पुढे काही महिने बंद राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. शिवाय ऑक्टोबरच्या दमट उकाड्यातली वेळ जानेवारीतल्या वेळेशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

तेराव्या वर्षीच्या ६०० मीटरवरून फारसे काही ठरत नाही. बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळले आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीत) ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवताना त्यांचे सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. साताऱ्याच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवल्यानंतर स्टीपलचेसमध्ये उतरल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या. आणखी एक विनंती आहे: दहावीच्या क्रीडा सवलतीच्या गुणांची चर्चा नातेवाईकांनी तिच्यासमोर करू नये, कारण त्या हिशेबात तिचे धावणे तिचे राहत नाही.

प्रश्नकर्ते

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल मी वही तिला दिली आणि तिला कुठे दुखते का, एवढेच विचारले. उजवी टाच दिवाळीपासून दुखते आहे, पण सांगितले तर सराव बंद होईल आणि वहीतली वेळ आणखी बिघडेल, या भीतीने ती गप्प राहिली होती. मला हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही. सरांना आज सकाळीच कळवले आहे, सोमवारी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जात आहोत, आणि तोपर्यंत ती मैदानावर केवळ मैत्रिणींना भेटायला जाणार आहे.